सोमवारचा पिंजरा

दार उघडलं तेव्हा आधी वास आत आला आणि मग मुलगी. मासळी धुतलेल्या पाण्याचा वास. तिच्या कोटावरून ते पाणी अजून ठिबकत होतं आणि केसांत दोन खवले अडकले होते.

"बादली कोणी ओतली?" टाचणीने खुर्ची पुढे सरकवत विचारलं.

"बघितलं नाही. मागे वळलं की दुसरी येते, म्हणून हल्ली मी वळतच नाही."

टाचणी खाजगी तपासाची कामं घ्यायची. हाडकुळी, ताठ आणि कुठेही टोचणारी, म्हणून हे नाव. खऱ्या नावाने तिला फक्त विजेचं बिल यायचं. टेबलाच्या पलीकडे बसलेले भारदस्त गृहस्थ म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ते घरात सारखे पायात येऊ लागले, तेव्हा बहिणीनेच त्यांना इकडे पिटाळलं होतं. भावोजी दिसेल ते वहीत हुबेहूब उतरवत. त्याचा अर्थ काय, हे मात्र मेहुणीला विचारत.

मुलगी खाडीवरची सरकारी तपासनीस होती. तिने कोट काढला, पण खुंटीला लावायचा धीर तिला झाला नाही. मांडीवरच धरून बसली.

"खाडीत कधीकधी एक विषारी शेवाळ वाढतं. इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शिंपले ते खातात. शिंपल्यांना काही होत नाही, शिंपले खाणाऱ्याला होतं. आधी ओठ बधिर होतात, मग बोटं. फार खाल्लं असेल तर श्वास थांबतो. आणि हे विष उकळून जात नाही."

"म्हणजे घरी आमच्या हिच्या हातचं..." भावोजींनी सुरुवात केली.

"भावोजी, चित्र काढा," टाचणी म्हणाली. "पुढे?"

"खाडीतल्या एका खांबाला जाळीचा पिंजरा बांधलाय. त्यात याच खाडीतले शिंपले आहेत. दर सोमवारी भरतीला मी बोटीने जाते, त्यातले चाळीस काढते आणि न धुता, जसेच्या तसे पिशवीत सील करते. विष मर्यादेबाहेर निघालं की धक्क्यावर लाल बावटा चढतो. बावटा असेपर्यंत कोणी शिंपले काढायचे नाहीत. लागोपाठ दोन सोमवार स्वच्छ आले की उतरतो."

"या वेळी?"

"मर्यादा ऐंशीची. पहिले तीन सोमवार चारशे, तीनशे ऐंशी, साडेतीनशे. चौथा शून्य. पाचवाही शून्य."

टाचणीची पेन्सिल थांबली. "साडेतीनशेवरून आठवड्यात शून्य?"

"मलाही खटकलं होतं. अजून एक आठवडा थांबू म्हटलं, तर साहेब म्हणाले, तुमच्याच आकड्यांवर तुमचा विश्वास नाही का? परवा गुरुवारी मीच बावटा उतरवला. त्याच रात्री एक बाई गेली. शिंपले खाऊन."

शुक्रवारी मुलीला निलंबित केलं होतं. शवविच्छेदनाचा अहवाल यायला आठवडा लागणार होता. नव्या तपासणीत विष सापडल्याशिवाय बावटा चढवता येत नव्हता, आणि तपासणी करणारीच घरी बसवली होती. थोडक्यात, कागदावर खाडी खुली होती.

"आज चारला मोठी ओहोटी आहे," ती म्हणाली. "सगळ्या बायका टोपल्या घेऊन उतरणार. मी जाऊन ओरडले, उतरू नका म्हणून. तर ही बादली. अर्ध्या म्हणतात, मी लाच खाऊन विषाला स्वच्छ म्हटलं. अर्ध्या म्हणतात, पाणी पहिल्यापासून स्वच्छच होतं, मीच पाच आठवडे त्यांच्या पोटावर पाय दिला. मेलेली बाई काळजाच्या दुखण्याने गेली."

"आणि बादली ओतायला दोन्हीकडच्या एक होतात. मेली ती कोण?"

"थोरलीची धाकटी जाऊ. थोरली म्हणजे खाडीवरच्या सगळ्या बायकांची म्होरकी. पाच आठवडे माझ्या नावाने सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. जाऊ गेल्यापासून गप्प आहे."

टाचणी पुढे वाकली. "त्या दोन सोमवारी पिशवी भरताना पिंजऱ्यात काय होतं ते नीट पाहिलं होतंस?"

मुलीची मान खाली गेली. "नाही. काठावरून शिव्या येत होत्या. एक दगड बोटीत पडला. हाताला लागले ते भरले आणि निघाले. ते मला जन्मभर पुरेल. पण आज चारच्या आत कोणाच्या तरी तोंडून त्यांना खरं कळायला हवं. माझ्या तोंडून कळलेलं त्यांना चालत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते.

*

प्रयोगशाळा म्हणजे धक्क्यामागची दोन खोल्यांची इमारत. तिथल्या सहायकाने तपासनीस मुलीला पायरीवरच उभं केलं आणि टाचणीला पाच मिनिटं दिली, तीही घड्याळ हातात धरून.

प्रत्येक नमुन्याचे निम्मे शिंपले न उघडता बर्फात राखून ठेवण्याची पद्धत होती. टाचणीने पहिला आणि पाचवा सोमवार शेजारीशेजारी मांडून घेतले. भावोजी वहीवर वाकले.

पहिल्या सोमवारच्या शिंपल्यांचा एकच गठ्ठा होता. चिखल, लहानमोठे शिंपले, दोन मेलेले, आणि सगळ्यांना एकत्र बांधणारे राठ तपकिरी तंतू. पाचव्या सोमवारचे सुटे होते. काळेभोर, एका मापाचे. तपकिरी तंतू एकालाही नव्हता. मात्र बहुतेकांच्या फटीतून दोनतीन पांढरे, केसाएवढे तंतू आले होते आणि काहींच्या टोकाला नारिंगी धागा चिकटला होता.

"हा धागा कसला?"

"पिंजऱ्याच्या जाळीचा," सहायक म्हणाला. "आणि ते तंतू म्हणजे शिंपल्याची मुळं. खडक धरून ठेवायला काढतो. जुनी तुटली तर रात्रभरात नवी काढतो. जिवंत असला तर."

"हा फरक तुमच्या नजरेत आला नाही?"

"बाई, आम्ही विष मोजतो. शिंपल्यांच्या सौंदर्यस्पर्धा भरवत नाही. पाच मिनिटं झाली."

बाहेर येताच भावोजींनी सगळा उलगडा केला. "हा सहायकच. पिशवी फोडली, शिंपले बदलले, पिशवी बंद!"

"आणि जाळीचा धागा? तो तंतूने धरून ठेवला होता, भावोजी. मुळं दोनतीनच, म्हणजे हे शिंपले एकच रात्र पिंजऱ्यात होते, आणि जिवंत होते. बदल झाला तो पिंजऱ्यात, आणि रविवारी."

"रविवारी कोण गेलं असेल तिथे?"

"ओहोटीला खांबापाशी कमरेइतकं पाणी असतं," मुलगी म्हणाली. "कोणीही चालत जाईल. पिंजऱ्याचं तोंड मी नुसतं तारेने पिळून ठेवते."

*

शिंपल्यांच्या व्यापाऱ्याने त्यांना बसा म्हटलं नाही. त्याच्या गोदामात पाच आठवड्यांनी यंत्र सुरू व्हायचं होतं आणि तो स्वतः त्याला तेल घालत होता.

"बावटा माझ्यामुळे उतरला असं म्हणायचंय? म्हणा. दुपारी माल येणार आहे, तोवर वेळच वेळ आहे मला."

"शीतगृहात जुना माल आहे?"

"दोन महिन्यांपूर्वीचा. बावट्याच्या आधीचा, स्वच्छ. बघा की."

टाचणीने एक पेटी उघडली. सगळे शिंपले एका मापाचे होते. भावोजींनी तिला कोपराने ढोसलं. तिने लक्ष दिलं नाही.

"मुळं कशी काढता?"

"हे रूळ ओरबाडतात. मिनिटाला हजार. आतलं थोडं फाटतं, तासाभरात मरतो. पण मला काय, मी त्याला पाळत थोडाच बसतो? लगेच बर्फात."

"गुरुवारी घरी शिंपले शिजले?"

व्यापाऱ्याने तेलाची बुधली खाली ठेवली. "मला मासळी चालत नाही. चला, निघा. आणि त्या पोरीला सांगा, माझ्या गोदामाजवळ दिसली तर कुत्रं सोडीन."

कुत्रं बाहेर झोपलं होतं. त्याला सोडायला आधी उठवावं लागलं असतं.

*

बोटवाला सोमवारी मुलीला खांबापर्यंत न्यायचा. तिला न्यायचा म्हणून त्याच्याशीही कोणी बोलत नव्हतं, आणि तो राग त्याने टाचणीवर काढला.

"पिशवी सील होईपर्यंत मी वल्ह्यावर असतो. हात लावला असेल तर हात झडो."

तो बोलत होता आणि बोटीच्या बुडाला चिकटलेले शिंपले गळासाठी खरवडून काढत होता. प्रत्येकाची मुळं धरून तो रुंद बाजूकडे हिसका देई. मुळांबरोबर आतल्या मांसाचा तुकडा बाहेर येई. भावोजींनी तो हातही काढून घेतला.

"रविवारी काय करतोस?"

"काय करणार? बोट रिकामी. थोरलीला पलीकडच्या खाडीत सोडतो. माहेर आहे तिचं. भाऊही शिंपलेच काढतो तिथे. तिकडे शेवाळ नाही, बावटा नाही, सगळी चंगळ."

"दर रविवारी जाते?"

"छे. पूर्वी वर्षाकाठी एकदा जायची. आता भाऊ आजारी आहे म्हणे. मागचे दोन रविवार गेली. सकाळी जायची, दुपारच्या ओहोटीआधी परत." तो थुंकला. "आता भाडंही देत नाही. त्या पोरीची बोट म्हणते मला. बसते मात्र याच बोटीत."

*

थोरली अंगणात बुटक्या पाटावर बसली होती. पुढ्यात शिंपल्यांचं पोतं, बाजूला टोपलं. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची बाई. तिने वर पाहिलंही नाही.

"त्या पोरीच्या बाजूच्या ना तुम्ही? चालत्या व्हा."

"जाऊ तुमची गेली. त्याबद्दलच आले," टाचणी म्हणाली.

"काळीज कमजोर होतं तिचं. झालं समाधान?"

भावोजी एव्हाना पालथ्या डब्यावर बसून चित्र काढू लागले होते. थोरलीचे हात न बघता चालत होते. मुळं चिमटीत धरायची, शिंपल्याच्या निमुळत्या टोकाकडे सरकवायची, सुर्र करून बाहेर, शिंपला टोपल्यात. भावोजींना मोह आवरला नाही. त्यांनी एक उचलला आणि मुळं रुंद बाजूला खेचली.

"अहो, मारताय कशाला त्याला!" थोरलीने तो हिसकावून घेतला. "टोकाकडे ओढायचं. उलट ओढलं की आतलं फाटतं, संध्याकाळपर्यंत खलास. टोकाकडे ओढलेला चार दिवस जगतो. इथल्या एकेका बाईला मी हे हाताला धरून शिकवलंय. पुरुषांना या जन्मी यायचं नाही."

"कुठले हे शिंपले?" टाचणीने विचारलं.

"भावाने धाडले."

"समोर खाडी खुली असताना?"

थोरलीचा हात थांबला नाही. "चव वेगळी असते."

"आज चारला उतरणार?"

"घरात माणूस गेलंय. कळतं का काही तुम्हाला?"

"अहो, तुमचा अंगठा!" भावोजी एकदम म्हणाले.

शिंपल्याच्या धारेने थोरलीचा अंगठा चांगला कापला होता. टोपल्यातले वरचे शिंपले लाल झाले होते, म्हणजे कापून बराच वेळ झाला असावा. थोरलीने अंगठ्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तसं पाहिलं, मग घाईने हात फडक्यात गुंडाळला.

टाचणी उठली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "साडेतीनला मी धक्क्यावर बोलणार आहे. यायचं तर या."

*

साडेतीनला धक्क्यावर चाळीसेक बायका जमल्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला टोपली. खाली पाणी ओसरत होतं. व्यापारी गोदामाच्या दारात हाताची घडी घालून उभा होता, बोटवाला आपल्या बोटीत. तपासनीस मुलगी बावट्याच्या रिकाम्या खांबाशी उभी राहिली तशी शिव्यांची फैर झडली.

"मला दहा मिनिटं द्या," टाचणी ओरडून म्हणाली. "नंतर मलाही बादली ओता. पाण्याला तोटा नाही."

एक उंच, काटक बाई हसली. त्यामुळे बाकीच्या थोड्या थांबल्या.

"या मुलीने लाच घेतलेली नाही आणि तुमची मजाही पाहिलेली नाही. शेवटच्या दोन सोमवारी पिंजऱ्यात या खाडीतले शिंपलेच नव्हते. कोणीतरी आदल्या दिवशी जुने काढून दुसरे, स्वच्छ ठेवले. विष एका आठवड्यात साडेतीनशेवरून शून्यावर येत नाही. ते मुरलेलं असतं, हळूहळू उतरतं."

"कोणी ठेवले?" उंच बाईने विचारलं. सगळ्यांच्या नजरा गोदामाकडे गेल्या.

"मलाही आधी तोच वाटला. पण त्याच्या शीतगृहातला माल मेलेला. पिंजऱ्यातल्या शिंपल्यांनी रात्रीतून नवी मुळं काढली होती, जाळी धरली होती. ते जिवंत होते. ताजे आणून यंत्रात घातले म्हणावं, तर यंत्रातून निघालेला तासाभरात मरतो."

"ऐकलंत?" व्यापारी म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

"बोटवाल्याने बोटीत बदलले म्हणावं, तर जाळीचा धागा मुळांत येत नाही. आणि त्याने रविवारीच ठेवले म्हणावं, तर तो मुळं कशी उपटतो ते आमच्या भावोजींनी काढलंय. त्याच्या हातचा शिंपला रात्र काढत नाही."

भावोजींनी वही उंच धरली. पहिल्या सोमवारचा गठ्ठा, पाचव्या सोमवारचे सुटे शिंपले, बोटवाल्याचा हिसका. बायका जवळ आल्या. या एका विषयात त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं.

"खरं तर मुळं काढायची गरजच नव्हती," टाचणी म्हणाली. "तसेच ठेवले असते तर मला काही कळलं नसतं. पण ज्याचे हात जन्मभर हेच करत आले, त्याला मुळं असलेला शिंपला टोपलीतून पुढे देववत नाही. हातांनी आपोआप साफ केले. टोकाकडे ओढून. मापाचे निवडून, मेलेले टाकून."

"म्हणजे आमच्यातलीच," उंच बाई सावकाश म्हणाली.

"तुमच्यातलीच. पण इथले शिंपले तर विषारी. स्वच्छ आणायचे कुठून? पलीकडच्या खाडीत जिचं माणूस आहे, तिनेच. मागचे दोन्ही रविवार जी बोटीने तिकडे जाऊन ओहोटीआधी परत आली, तिने."

बायकांमध्ये एक वाट आपोआप मोकळी झाली. शेवटी थोरली उभी होती. एकटीच्या हातात टोपली नव्हती.

"काहीतरीच!" एक जण ओरडली. "पाणी विषारी आहे हे ठाऊक असतं तर स्वतःच्या जावेला खाऊ घातलं असतं का तिने?"

"तिथेच मीही सकाळभर अडले होते," टाचणी म्हणाली. "विषाची भीती असणाऱ्याने हे केलंच नसतं. हे केलं ते विष नाहीच अशी खात्री असलेल्या माणसाने. म्हणून तिने जावेला वाढलं आणि स्वतःही खाल्लं. आज तिचा अंगठा हाडापर्यंत कापला आणि तिला कळलं नाही. बोटं बधिर आहेत तिची. परवापासून तिला ठाऊक आहे खाडीत काय आहे ते. म्हणून घरात भावाकडचे शिंपले आलेत. म्हणून आज ती उतरणार नाही. तुम्हाला मात्र तिने थांबवलं नाही."

उंच बाई त्या वाटेने थोरलीसमोर आली.

"थोरले, सांग खोटं आहे म्हणून," उंच बाई म्हणाली.

थोरली बोलली तेव्हा तिचे ओठ नीट जुळत नव्हते. "पाणी निवळलं होतं. मी रोज बघत होते. आरशासारखं होतं. कालची पोर कागद दाखवून मला माझी खाडी शिकवते, याचा राग होता मला. म्हटलं, विष उरलंय ते हिच्या पिंजऱ्यातल्या जुन्या शिंपल्यांत, पाण्यात नाही; हिच्याच आकड्यांनी हिला तोंडघशी पाडू. धाकटी घाबरत होती. ताई, खाऊ ना, विचारलं तिने. दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही का तुझा? आणि तिच्या ताटात अजून वाढले."

"आणि आम्ही?" उंच बाईचा आवाज फुटला. "आज आम्ही उतरणार होतो, थोरले. माझी दोन पोरं घरी वाट बघतायत. तू बघत बसणार होतीस?"

"सांगितलं असतं तर का सांगते, हे पण सांगावं लागलं असतं. काल रात्रीपासून दहा वेळा उठले दारापर्यंत यायला."

"पण आली नाहीस."

"नाही आले."

कोणीतरी तिच्या अंगावर टोपली फेकली. ती खांद्याला लागून खाली पडली. थोरलीने हात वर केला नाही. ती तशीच पुढे गेली, खांबाच्या पायथ्याशी पडलेला लाल बावटा उचलला आणि दोरीला बांधू लागली. बोटांना दोरी कळत नव्हती. गाठ दोनदा सुटली.

तपासनीस मुलीने तिच्या हातातून दोरी काढून घेतली. "सोडा. तुम्हाला जमणार नाही." आवाजात माया नव्हती, आणि असायचं काही कारणही नव्हतं. "दवाखान्यात जा आधी. श्वासाचं अजून सांगता येत नाही."

"पोलिसांना मी कळवते," टाचणी म्हणाली. "बोटवाल्या, यांना घेऊन चल. भावोजी, तुम्ही सोबत जा."

भावोजींनी वही मिटली. थोरलीच्या हातांचं ते चित्र त्यांच्या हातून फार सुंदर उतरलं होतं आणि त्याची त्यांना आता लाज वाटत होती.

बावटा चढला. उंच बाईने आपली टोपली पालथी घातली आणि तिच्यावरच बसली.

"परत तपासणी कधी?" तिने मुलीला विचारलं.

"सोमवारी. मला कामावर घेतलं तर."

"घेतील. आम्ही जाऊन सांगू. पण सोमवारी मी बोटीत येणार. पिंजरा माझ्यासमोर उघडायचा. तुझ्यावर माझा अजून विश्वास नाही."

"या," मुलगी म्हणाली. "पण दगड घरी ठेवून."

चार वाजले. ओहोटी पूर्ण लागली आणि शिंपल्यांनी काळे झालेले खडक एकेक करून वर आले, वर्षात नव्हते इतके भरलेले. चाळीस बायका धक्क्यावर बसून ते बघत राहिल्या. एकही खाली उतरली नाही.